जुनी जिप्सी घेतलीय, पहिला पैसा कुठे घालू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चिपळूणला २००६ ची जिप्सी किंग घेतलीत, तुम्ही तिसरे मालक, मीटरवर एक लाख दहा हजार, हाताशी साठ हजार रुपये आहेत आणि ६० च्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात थडथडतं. मेस्त्री म्हणतो इंजिन खोलूया, मित्र म्हणतो आधी लिफ्ट किट (गाडी उंच करणारा सेट) आणि मोठे टायर टाक, आणि यातलं आधी काय करू असं तुम्ही विचारताय.

माझं मत विचाराल तर आत्ता दोन्ही नको. मी कोल्हापूरला उद्यमनगरात गॅरेज चालवतो, गेली बावीस वर्षं जिप्सी आणि जुन्या जीपा हेच मुख्य काम, आणि माझी स्वतःचीही एक जिप्सी आहे जी दाजीपूर-राधानगरीच्या रस्त्यांना दर पावसाळ्यात जाते. त्यामुळे गाडीखाली झोपून जे बघितलंय तेवढंच सांगतो.

तुम्ही विचारलंय काय बदलू, पण अडचण अशी आहे की गाडी आत्ता कुठल्या अवस्थेत आहे हेच तुम्हाला अजून माहीत नाही. आधीच्या मालकाने सांगितलं असेल इंजिन एक नंबर आहे, आणि ते खरंही असेल, कारण २००० सालापासून जिप्सीत जे १३०० सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (पेट्रोल फवारून देणारं) इंजिन आलं ते नीट ऑइल-पाणी बघितलं तर खूप चालतं. शिवाय इंजिन आजारी पडलं की बोलतं, धूर सोडतं, ठोके देतं, ऑइल पितं, कळतं आपल्याला. खालचं सामान बोलत नाही. पुढचं डिफरन्शिअल (डिफ, म्हणजे एक्सलच्या मधली दातांची पेटी), ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), नकल (पुढचं चाक वळवणारा सांधा), किंगपिन (नकल ज्यावर फिरते ती खुंटी) हे सगळं गप्प राहून झिजतं आणि ज्या दिवशी बोलतं त्या दिवशी टोइंगच बोलवावं लागतं. माझ्याकडे ज्या जुन्या फोर बाय फोर उचलून आणाव्या लागतात त्यातल्या बहुतेकांचं इंजिन चालू असतं. म्हणून पहिला पैसा खाली घालायचा.

आता हे सगळं गाडी कुठे राहिली त्यावर खूप अवलंबून आहे. घाटावर कोरड्यात राहिलेली २००६ ची गाडी आणि गुहागर-दापोलीच्या खाऱ्या वाऱ्यात राहिलेली २००६ ची गाडी या दोन वेगळ्या गाड्या समजा. आणि तुम्ही चिपळूणचे म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी बघायला सांगतो, २२ जुलै २०२१ ला ही गाडी कुठे उभी होती? वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणमध्ये किती गाड्या बुडाल्या ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. आमच्याकडे २०१९ ला पंचगंगेचा पूर येऊन गेल्यावर गॅरेजबाहेर रांग लागली होती, आणि त्यातल्या कित्येक गाड्या नुसतं इंजिन ऑइल बदलून, शाम्पूने धुऊन विकल्या गेल्या. मालकाला विचारायचं ते विचारा पण स्वतःही बघा. मागच्या लाइटची काच स्क्रू काढून उघडा, आत कोपऱ्यात तपकिरी बारीक गाळ सुकून बसलेला दिसला तर पाणी तिथवर आलं होतं. सीटच्या रेलखाली बोट फिरवा, फ्यूज बॉक्सच्या मागे टॉर्च मारा, डॅशखालच्या वायरिंगचा एखादा कप्लर उघडून पिना हिरव्या झाल्यात का बघा. गाळ सापडला म्हणजे गाडी फुकट गेली असं नाही, पण मग खाली सांगतोय ती तेलं बघू-करू न करता या आठवड्यातच काढायची.

त्यासोबतच पत्रा आणि चासी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, चांगल्या पत्र्याचा आवाज टणटणीत येतो आणि सडलेल्याचा भदभद येतो, दोन-चार वेळा ऐकलं की कानाला समजतं. मागच्या चाकाच्या कमानीजवळची फ्लोअर, बॉडी जिथे रबरी माउंटिंगवर चासीला बसते त्या जागा, आणि चासीचं मागचं टोक जिथे पाट्याची (पट्ट्यांच्या स्प्रिंगची) शॅकल, म्हणजे टांगणारी कडी, लटकते तिथे नीट बघा. नवीन काळा अंडरकोट जाड मारलेला असेल तर तिथे जास्त ठोका. बॉडीचा पत्रा सडला तर वेळ मिळेल तसा करता येतो, चासीला शॅकलजवळ भोक असेल तर बाकी सगळं थांबवून आधी ते, कारण तिथे पाटा सुटला तर मागचा एक्सल जागा सोडतो. आणि असं निघालं तर तुमचे साठ हजार पुरणार नाहीत हे आत्ताच सांगून ठेवतो. नाही निघालं तर बरंच काही बसतं त्यात.

पुढचं काम तेलांचं. जिप्सीत इंजिन सोडून चार ठिकाणी गिअर ऑइल असतं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफ आणि मागचं डिफ. यात ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी लटकते, मधे एक आखूड शाफ्ट असतो, त्यामुळे नवख्या मेस्त्रीला तिचं ऑइल वेगळं असतं हेच लक्षात येत नाही आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. चारही मिळून सहा लिटरच्या आत काम होतं, म्हणजे खर्च फार नाही आणि माहिती मात्र सगळ्यात जास्त मिळते.

करताना एक शिस्त पाळा, आधी वरचा फिलर प्लग सैल करून बघायचा, मगच खालचा ड्रेन प्लग उघडायचा. जुन्या गाडीत फिलर प्लग गंजून बसलेला असतो, आणि आधी ड्रेन उघडून तेल सांडून बसलात आणि फिलर निघालाच नाही तर गाडी जागेवर. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट निघतं, आणि स्वच्छ पांढऱ्या टपात धरा. काळं निघालं, जुनं झालंय, ठीक. ड्रेन प्लगला पिठासारखी बारीक करडी भुकटी चिकटलेली असेल तरी घाबरू नका, इतक्या वर्षांची झीज आहे ती. नखाएवढा धातूचा तुकडा निघाला तर दाताचा आहे, हाउसिंग खोलावंच लागेल. आणि दूध घातलेल्या चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय.

माझी जिप्सी घेतली तेव्हा पुढच्या डिफमधून नेमकं असंच निघालं होतं, आधी अर्धा कप नुसतं गढूळ पाणी, मग तो पिवळट चहा. मालक म्हणाला होता गाडी कधी पाण्यात घातलेली नाही, आणि मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. एक्सलच्या वर एक छोटा ब्रीदर असतो, आतली गरम हवा बाहेर सोडायला. तो चिखलाने बुजलेला होता. गाडी तासभर चालून एक्सल तापतो, आतली हवा फुगते, मग ओढ्यात नाही तर रस्त्यावरच्या गुडघाभर साठलेल्या पाण्यात तो एकदम गार होतो, हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर ती ओढ ऑइल सीलच्या कडेने पाणी आत खेचते. एवढ्याशा टोपीने क्राउन-पिनियनची (डिफमधल्या मुख्य दातांची) बेअरिंग खाल्ली होती माझी. म्हणून दोन्ही एक्सलचे ब्रीदर काढून पेट्रोलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून हवा जाते का बघा. नंतर कधी जमलं तर त्याला रबरी नळी लावून टोक बॉनेटखाली वर नेऊन बांधा, कोकणात याच्याएवढी स्वस्त आणि कामाची भर दुसरी नाही.

तेल कुठलं हा वाद नेहमी होतो. मी दोन्ही डिफमध्ये ८०डब्ल्यू-९० जीएल-५ घालतो आणि गिअरबॉक्स-ट्रान्सफर केसमध्ये ७५डब्ल्यू-९० जीएल-४. गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) असतात आणि काही जीएल-५ तेलातली रसायनं पितळेला मानवत नाहीत. दुकानदार 'नव्वद नंबर सगळीकडे चालतं' म्हणून एकच डबा देईल, तो घेऊ नका. गाळ किंवा पाणी निघालेल्या हाउसिंगमधलं तेल पाचशे किलोमीटरवर परत एकदा काढून टाका, पहिल्या भरणीने आतली घाण सुटते.

आता तुमच्या थडथडीकडे येतो, कारण मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे, आणि असायलाच हवी. याच्यावर बहुतेक ठिकाणी पहिला उपाय सांगतात तो स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे धक्के दाबणारा शॉक. नवीन डॅम्पर लावला की थडथड लगेच कमी होते, गिऱ्हाईक खूश, आणि सहा महिन्यांनी दुप्पट जोराने परत येते कारण झिजलेली वस्तू आत तशीच झिजत राहिलेली असते. डॅम्पर शेवटी लावायचा.

आधी स्वस्तातलं तपासा. चारही टायरमधली हवा सारखी करा, मी माझ्या गाडीत २६ ठेवतो. टायर जुना असेल तर एका जागी फुगलाय का हात फिरवून बघा, पुढच्या दोन चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसला असेल तरी गाडी थडथडते, कोकणातला लाल चिखल तर विटेसारखा बसतो. यातच काम झालं तर वाचलात.

नाही झालं तर पुढचं चाक जॅकवर उचला, खाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर हात घालू नका. एक हात चाकाच्या वर, एक खाली, आणि आत-बाहेर हलवा. खटखट लागलं तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिन. मग हात डावी-उजवीकडे धरून हलवा, तिथे खेळ लागला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा. हे दहा मिनिटांत तुमच्या अंगणात होतं आणि मेस्त्रीकडे जाताना काय झालंय हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

माझा अंदाज किंगपिनचा आहे, या वयाच्या जिप्सीत दहातल्या सात-आठ वेळा तेच निघतं. प्रत्येक नकलला वर एक आणि खाली एक किंगपिन, त्यावर टेपर बेअरिंग, आणि खाली पातळ शिम (चकत्या). बेअरिंग बदलून शिम तसेच परत घातले तर काम अर्धवट होतं. नवीन बेअरिंगवर नकल थोडी जड फिरली पाहिजे, मी टाय रॉड सोडवून नकलच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवतो आणि ओढून बघतो, दोन्ही बाजूंना आकडा सारखा येईपर्यंत शिम काढ-घाल करतो. यात अर्धा दिवस जातो. तुमचा मेस्त्री हे तासाभरात उरकतो म्हणाला तर वजनकाटा आहे का एवढं विचारा.

नकल खोललीच आहे तर आतलं एक्सल सील आणि बाहेरचं गोल पुसणारं सील दोन्ही बदलून घ्या. आतलं सील गेलं की डिफचं तेल नकलमध्ये येतं, तिथलं ग्रीस पातळ होतं आणि टायरच्या आतल्या बाजूला काळे ओघळ दिसतात. तुमच्या गाडीला असे ओघळ आहेत का आजच बघा, असतील तर डिफमधलं तेल कमी झालेलं असणार हे धरून चाला.

ब्रेकबद्दल थोडक्यात पण गंभीरपणे सांगतो. तुम्ही कराडकडून कुंभार्ली घाट उतरून घरी येणार. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, लांब उतारावर तापलं की त्याला उकळी येते आणि पेडल एकदम खाली जातं, वळणावर हे झालं की काही हातात राहत नाही. सगळं जुनं काढून चारही चाकांचं ब्लीडिंग (आतली हवा काढणं) करा, रबरी होज चिरलेत का बघा, मागचे ड्रम उघडून लाल माती झाडा. मागच्या लायनरवर तेल दिसलं तर एक्सल सील गेलंय, लायनर पेट्रोलने पुसून परत लावू नका, बदला. आणि उतरताना गिअर खालचा ठेवा, तिसरा नाही तर दुसरा, ब्रेकवर लोंबकळत यायचं नाही.

इंजिनचं खोलायचं काम नाही पण दोन गोष्टी करा. टायमिंग बेल्ट कधी बदललाय याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजा, टेन्शनरसकट नवा टाका, आणि वॉटर पंप त्याच वेळी बघून घ्या, नाहीतर पंपासाठी तेच सगळं परत उघडावं लागतं. दुसरं कूलंट. ब्लॉक आणि हेड दोन्ही अल्युमिनियमचं आहे, एकदा जोरात तापलं की हेड वाकतं. रेडिएटरमध्ये गंजाचं तांबडं पाणी असेल तर फ्लश करून, थर्मोस्टॅट आणि होज बदलून योग्य कूलंट भरा. काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात गाडी तापू नये म्हणून, ते करू नका, इंजिन कधी नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त खातं. आणि हो, पेट्रोलच्या रबरी नळ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, २००६ च्या रबराला ते सोसत नाही, नळी मऊ पडते नाहीतर चिरते. नव्या चांगल्या होज आणि क्लिपा टाका, टाकीपासून इंजिनपर्यंत सगळ्या. वास आला तर त्या दिवशी गाडी चालवू नका.

पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे), ट्रान्सफर केसची तीन रबरी माउंटिंग, हे हळूहळू करता येतं. क्लच सोडताना खालून 'टक्' असा आवाज येत असेल तर क्रॉस किंवा ही माउंटिंग बघा. शाफ्ट काढताना दोन्ही फ्लँजवर खडूने नको, छिन्नीने खूण करा, फिरवून बसला तर नवीनच थरथर सुरू होते. जिथे ग्रीस निपल आहे तिथे दर पाच हजारांवर आणि प्रत्येक वेळी पाण्यातून गेल्यावर ग्रीस मारा, जुनं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. एक विनंती आहे, पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल फवारायची आपल्याकडे पद्धत आहे ती सोडा. गंज थोडा थांबतो पण बुश, होज, माउंटिंग सगळी रबरं फुगून मरतात.

फोर बाय फोर वापरायचं कसं हे तुम्ही विचारलं नाही, पण मोडतोड इथेच जास्त होते म्हणून लिहितो. पुढच्या दोन्ही चाकांवरचे हब, जे चाकाला एक्सलशी जोडतात, ते हाताने फिरवून लॉक करायचे असतात. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर गिअर टाकूनही पुढून काहीच ओढ मिळत नाही, सगळी ताकद फ्री बाजूला फुकट फिरते, आणि माणूस चिखलात उभा राहून डिफ गेलं समजतो. दोन्ही हब अडकत नाहीत ना ते घरीच तपासा, जड असतील तर उघडून धुऊन नवं ग्रीस लावा, पक्कड लावून फिरवू नका. जिप्सीला मधे डिफरन्शिअल नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, आणि वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात टायर घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर घसरत नाही आणि सगळा ताण क्रॉस आणि दातांवर येतो. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाकायचं नाही, पाऊस पडतोय म्हणूनही नाही. चुकून टाकलं आणि लिव्हर अडकला तर जोर लावू नका, सरळ दोन-चार मीटर रिव्हर्स घ्या, सुटतो. फोर-एल (चारही चाकांना ताकद, हळू वेग) गाडी पूर्ण थांबवूनच. आणि महिन्यातून एकदा हब लॉक करून टू-एचमध्येच (फक्त मागच्या चाकांना ताकद) दहा-पंधरा किलोमीटर चालवा, डांबरावर चालतं हे, त्याने पुढचं डिफ फिरतं आणि आतल्या दातांना, सीलला तेल लागतं. न वापरलेला पुढचा एक्सल वापरलेल्यापेक्षा लवकर खराब होतो.

मित्राच्या लिफ्ट किटबद्दल. मूळ टायर २०५/७० आर१५ आहे. त्याच्यावर २३५ टाकलेत तर गाडी दिसते छान, पण किंगपिन, व्हील बेअरिंग आणि ब्रेक यांच्यावरचा बोजा वाढतो, आणि तुमचे हे तिन्ही आत्ताच शंकेत आहेत. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. एक वर्ष मूळ टायरवर चालवा, चिखलाच्या चांगल्या नक्षीचे घ्या हवं तर. वर्षभरात गाडी कुठे अडते ते कळेल, मग ठरवा.

कागद बघितलेत का? २००६ ची नोंदणी म्हणजे पंधरा वर्षं २०२१ लाच संपली, पुढचं नूतनीकरण पाच वर्षांचं असतं. आरसीवर मुदतीची तारीख बघा आणि पर्यावरण कर भरलाय का तेही. संपत आली असेल तर फिटनेस तपासणी होणार, आणि तिथे ब्रेक, लाइट, स्टिअरिंग हेच बघतात, म्हणजे वरची कामं त्याच्या आधी उरकलेली बरी.

तर या रविवारी एवढंच करा, पुराचा गाळ आणि चासी बघा, चाक उचलून ब्रेक दाबून हलवून बघा, आणि पुढच्या डिफचा फिलर प्लग सुटतो का बघून ड्रेन उघडा. टपातल्या तेलाचा उजेडात फोटो काढून इथे टाका, आणि ब्रेक दाबल्यावर चाकाचा खेळ राहिला की गेला ते लिहा. किंगपिन निघालं तर बेअरिंग आणि शिमचा सेट घेताना काय बघायचं ते मी सांगतो, बाजारात हलका माल फार आहे.